जर्नलचं माप माणसाला लावू नका: निवड समित्यांना एका ग्रंथपालाचं खुलं पत्र

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील वैद्यकीय, दंतवैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांच्या निवड व पदोन्नती समित्यांचे सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

जर्नलचं, म्हणजे संशोधन नियतकालिकाचं, वजन सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टर हा आकडा मुळात आमचा आहे. आमचा म्हणजे ग्रंथपालांचा. तो तुमच्या समितीच्या टेबलावर कसा जाऊन बसला आणि तिथं बसून काय करतोय, हे सांगायला हे पत्र लिहितो आहे.

मी सोलापुरात वैद्यकीय ग्रंथालय सांभाळून निवृत्त झालो. डॉक्टर नाही, संशोधकही नाही. पण या गावातल्या कितीतरी प्राध्यापकांचे अर्ज, त्यांच्या पेपरच्या याद्या, त्यांच्या सायटेशनचे, म्हणजे इतरांनी त्यांच्या लेखांच्या केलेल्या उल्लेखांचे, आकडे आमच्या काउंटरवरून पुढे गेले. "सर, तेवढा माझा एच-इंडेक्स काढून द्या ना," म्हणत शेवटच्या तारखेला पावणेपाच वाजता धापा टाकत येणारी मंडळी मी पुष्कळ पाहिली. त्यातली काही आज तुमच्या समितीत आहेत. तेव्हा थोडं स्पष्ट बोललो तर राग मानू नये.

युजीन गारफिल्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९५५ साली 'सायन्स'मध्ये एक लेख लिहिला. कुठल्या जुन्या लेखाचा उल्लेख पुढे कुणी-कुणी केला याची सूची असावी, अशी त्यांची कल्पना होती. ती त्यांनी वकिलांकडून उचलली. अमेरिकेत १८७३ पासून 'शेपर्ड्स सायटेशन्स' नावाची निकालांची सूची निघत होती. एखादा निकाल पुढच्या खटल्यांत कुठे वापरला गेला, तो मान्य झाला, वेगळा काढला गेला की फिरवला गेला, हे तिच्यात खुणेनं दाखवलेलं असे. गारफिल्ड यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' १९६४ पासून नियमित निघू लागली. यादी आली, पण वकिलांचा तो शेरा मागेच राहिला. लेखाचा उल्लेख झाला एवढंच उरलं. स्तुतीसाठी झाला की खोडून काढण्यासाठी, याचा पत्ता नाही. पुढच्या अर्ध्या भानगडी इथूनच सुरू होतात असं माझं मत आहे.

जगभरची जर्नलं हजारोंनी, मग या सूचीत घ्यायची कुठली? त्यासाठी गारफिल्ड आणि त्यांचे सहकारी अर्व्हिंग शेर यांनी माप काढलं, ते हे इम्पॅक्ट फॅक्टर. हिशेब सोपा आहे. एखाद्या जर्नलनं मागच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला यंदा एकूण किती उल्लेख मिळाले ते घ्यायचं, आणि त्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांच्या संख्येनं भागायचं. सरासरी निघते, आणि ती जर्नलची असते. १९७५ पासून हे आकडे दरवर्षी पुस्तकरूपानं यायला लागले आणि आमच्यासारख्यांची सोय झाली. वर्गणीसाठीचं अनुदान कधीच पुरायचं नाही. कुठलं जर्नल चालू ठेवायचं, कुठलं बंद करायचं हे ठरवताना प्रत्येक विभागप्रमुख आपापल्या जर्नलसाठी भांडायचा, तेव्हा हा आकडा पुढे केला की निदान भांडण तरी आटपायचं.

आता तुमच्या अर्जाकडे येतो. एका संस्थेच्या अर्जात मी स्वतः पाहिलेला तक्ता असा: लेखाचं शीर्षक, जर्नल, वर्ष, लेखकांतला क्रमांक, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर. आणि खाली, जाड अक्षरात, 'एकूण इम्पॅक्ट फॅक्टर'. म्हणजे वेगवेगळ्या जर्नलच्या सरासऱ्यांची बेरीज! शाळेतल्या पोरानं पाच वर्गांच्या सरासरी टक्क्यांची बेरीज करून आणली तर मास्तर कान धरतील. इथे त्या बेरजेवर सहयोगी प्राध्यापक ठरतात.

ही सरासरी किती फसवी असते याचं एक नामी उदाहरण आहे. 'अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या 'ए' विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ साली होता २.०५१. पुढच्याच वर्षी तो झाला ४९.९२६. जर्नल रातोरात पंचवीस पटींनी थोर झालं असं कुणाला वाटेल. घडलं एवढंच, की २००८ साली जॉर्ज शेल्ड्रिक यांनी आपल्या 'शेलएक्स' या संगणकीय प्रणालींचा इतिहास सांगणारा लेख तिथे छापला, आणि त्या प्रणाली वापरणारा प्रत्येक जण तो उद्धृत करू लागला. त्या एका लेखामुळे शेजारच्या पानावरचे सगळे लेखकही पन्नाशीला पोचले. वैद्यकातही हेच चालतं. 'सीए: अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स'चा २०२० सालचा आकडा पाचशेच्या वर होता. कारण दरवर्षी अमेरिकेतल्या कर्करोगाची आकडेवारी ते छापतात, आणि कर्करोगावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या परिच्छेदात तिचाच दाखला देतो. बहुतेक जर्नलांत मूठभर लेख बहुतेक उल्लेख ओढून घेतात, बाकीच्यांच्या वाट्याला दोन-चार येतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या एसी डब्यातून मुंबईला उतरला म्हणून कुणी कारखानदार ठरत नाही. तुम्ही मात्र डबा पाहून माणसाची मालमत्ता लिहून घेताय.

स्वतः गारफिल्ड आयुष्यभर सांगत राहिले, की हे माप एकेका संशोधकाला लावू नका. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पेशीजीवशास्त्रज्ञांच्या वार्षिक संमेलनात काही संपादक आणि प्रकाशक जमले आणि तिथून 'डोरा' हा जाहीरनामा निघाला. त्याची पहिलीच शिफारस ही आहे: नेमणूक, बढती, निधी ठरवताना जर्नलवरून निघालेले आकडे वापरू नयेत. भारतात जीववैद्यक संशोधनाला पैसा देणाऱ्या 'इंडिया अलायन्स'नं त्यावर सही केलेली आहे. आपल्याकडे अजून तो जाड अक्षरातला रकाना आहे.

"बरं, जर्नल सोडा, माणसाची स्वतःची सायटेशन तर मोजू," असं तुम्ही म्हणाल. मोजा. पण आधी माणूस कोण ते तर ठरवा.

हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, म्हणून जरा तपशिलात सांगतो. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत लेखकाचं पूर्ण पहिलं नाव २००२ पासून नोंदवायला लागले. त्याआधी आडनाव आणि आद्याक्षरं, संपलं. आता 'पाटील एस' असा शोध घेऊन पाहा. त्यातली आपली कुठली? आपल्याकडे मधलं नाव वडलांचं किंवा नवऱ्याचं, कधी ते लागतं, कधी गळतं. कुलकर्णीचं स्पेलिंग प्रत्येक जण सारखं करेल, पण सोलापुरातल्या तेलुगू आणि कानडी आडनावांचं काय? एकाच घरातले दोन भाऊ इंग्रजीत आडनाव दोन तऱ्हांनी लिहितात. आणि बाईचं लग्न झालं की नाव, मधलं नाव, आडनाव, कधी कधी तिन्ही बदलतात.

एक प्राध्यापिका आमच्याकडे आल्या होत्या, पीएसएम (सामाजिक व प्रतिबंधक वैद्यक) विभागाच्या. कुंभारीकडच्या घरकुलांतल्या विडी कामगार बायकांवर त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून विड्या वळणाऱ्या बायकांची मान, पाठ, खोकला, श्वासातून जाणारी तंबाखूची धूळ, शिवाय मजुरी कापली जाईल म्हणून दवाखान्यात न जाणं. घरोघर फिरून, तेलुगूत बोलून गोळा केलेली माहिती होती ती. स्कोपस या सायटेशन मोजणाऱ्या सूचीत त्यांचं नाव टाकलं तर निम्मेच लेख दिसले. मग मी माहेरचं नाव विचारलं. तिथे उरलेले निघाले, वेगळ्या खात्यावर. एका खात्याचा एच-इंडेक्स (सायटेशनवरून निघणारा संशोधकाचा आकडा, त्याबद्दल पुढे) वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, आणि दोन्ही एकत्र केल्यावरचा तिसराच. दोन खाती जोडायची विनंती स्कोपसला करता येते. ती आम्ही तिथेच बसून केली. पण ती मंजूर व्हायच्या आत मुलाखत होऊन गेली. समितीनं छापील कागदावरचा आकडा पाहिला आणि विचारलं, "एवढंच का?" त्यांच्या लेखातलं एक वाक्यही कुणी वाचलेलं नव्हतं. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज चढला नव्हता. चढायला हवा होता असं मला तेव्हाही वाटलं.

आणि समजा दोन्ही खाती जोडली असती, तरी आकडा काही फार मोठा झाला नसता. कसा होणार? सोलापूरच्या विडी कामगार बायकांच्या पाठदुखीचा संदर्भ बोस्टनमधला माणूस कशाला देईल? तो विषय इथला, वाचक इथले. कामगार विमा रुग्णालयातला डॉक्टर तो लेख वाचून रुग्णाला एखादा प्रश्न जास्त विचारतो, पण ते कुठल्या सूचीत चढत नाही. यंत्रमागाच्या आवाजानं जाणारं ऐकू येणं, वारीच्या काळातले जुलाब, उसाच्या फडातले सर्पदंश हे आपल्या जिल्ह्याचे आजार. यांवर काम करणाऱ्याला तुम्ही कर्करोगाच्या जनुकांवर काम करणाऱ्याशी एकाच आकड्यानं तोलता. उद्या शहाणा तरुण संशोधक काय निवडेल? तो पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या गटात नाव घालून घेईल आणि घरकुलाकडे फिरकणार नाही.

नाव घालून घेण्यावरून आठवलं. २०२१ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त कोविड आणि शस्त्रक्रियांवरचा एक लेख आला. त्याच्या लेखकांची आणि सहभागींची संख्या १५,०२५, ११६ देशांतून. तिची गिनीज बुकात नोंद झाली. काम चांगलं होतं, दीड हजाराहून जास्त रुग्णालयांनी माहिती दिल्याशिवाय ते झालंच नसतं, आणि माहिती भरणाऱ्याचं श्रेय त्याला मिळायलाच हवं. पण अशा लेखाची सगळी सायटेशन प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा होतात. पंधरा हजारांत वाटून येत नाहीत. दुसरीकडे, स्वतः प्रश्न काढून, एथिक्स कमिटीची मंजुरी घेऊन, एकट्यानं घरोघर हिंडून केलेल्या लेखाला नऊ सायटेशन. तुमच्या तक्त्यात पहिला माणूस जिंकतो.

एच-इंडेक्सचंही तेच. २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो काढला. तुमचे दहा लेख असे असतील की प्रत्येकाला किमान दहा उल्लेख आहेत, तर तुमचा एच दहा. मोजायला सुटसुटीत, म्हणून लगेच रूढ झाला. पण एकच लेख लिहिला आणि त्याला हजार उल्लेख आले तरी एच एकच. शिवाय हा आकडा कधी उतरत नाही. माणूस संशोधन सोडून पंधरा वर्षं नुसता प्रशासनात बसला तरी तो चढतच जातो. (यावर आणखी बोललो तर माझे काही जुने मित्र दुखावतील.) या आकड्याचे दुष्परिणाम झाले, हे २०२० साली खुद्द हिर्श यांनी लिहून मान्य केलं.

आता कोलकात्याकडे चला. शंभूनाथ डे हे तिथले पॅथॉलॉजीचे प्राध्यापक. पटकी, म्हणजे कॉलरा, कशानं मारते हा प्रश्न रॉबर्ट कॉखनं १८८४ मध्ये जंतू शोधल्यापासून लोंबकळत होता. जंतू सापडला होता, पण तो करतो काय? डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून बंद केला आणि त्यात जंतू वाढवलेलं पाणी सोडलं. या पाण्यातले जंतू गाळून काढलेले होते. तरीही आतड्यात पाणी साचलं. म्हणजे मारणारा जंतू नव्हे, त्यानं सोडलेलं विष. १९५९ साली 'नेचर'मध्ये दीड-दोन पानांचा लेख आला. सोपी साधनं, फाटकी प्रयोगशाळा, आणि पटकीच्या संशोधनाची दिशा बदलून गेली.

लगेच बदलली का? नाही. सुरुवातीची बरीच वर्षं त्या लेखाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. तुमचं दोन वर्षांचं माप तेव्हा लावलं असतं, तर तिथे काहीच दिसलं नसतं. पुढे नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचं नाव एकाहून जास्त वेळा सुचवलं. १९७८ साली त्यांना नोबेल परिसंवादाला बोलावलं गेलं. आपल्या देशातल्या विज्ञान अकादम्यांनी मात्र त्यांना फेलो करून घेतलं नाही, आणि १९८५ मध्ये ते गेले. वर्षभरानं, १९८६ साली, त्यांच्या कामाचा पटकीच्या संशोधनावर पडलेला प्रभाव सायटेशनच्या नकाशानं दाखवणारा दीर्घ लेख कुणी लिहिला? गारफिल्ड यांनी. ज्याचं माप तुम्ही वापरता, त्यानंच ते नीट वापरून दाखवलं: आकड्याच्या मागे जाऊन, कोण कुणाच्या खांद्यावर उभं आहे ते पाहून.

पटकीचाच दुसरा धागा आपल्या पंढरपुरापर्यंत येतो. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत बांगलादेशातून आलेले लोक पटकीनं मरत होते आणि सलाइन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा मोजून पाण्यात मिसळून पाजायला दिलं. छावणीतलं मरणाचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. या कामावरचा लेख १९७३ मध्ये छापला गेला तो 'जॉन्स हॉपकिन्स मेडिकल जर्नल'मध्ये. ते जर्नल पुढे १९८२ मध्ये बंदच पडलं. त्याचा आजचा इम्पॅक्ट फॅक्टर शोधायला गेलात तर काही सापडणार नाही. आणि आषाढीत वाळवंटात उलटी-जुलाबानं गळालेल्या वारकऱ्याच्या हातात स्वयंसेवक जे ओआरएसचं पाकीट देतो, त्यावर कुठला संदर्भ छापलेला नसतो. हे सायटेशन कोण मोजणार?

आपल्या राज्यातलं उदाहरण हवं असेल तर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. खेड्यातल्या दवाखान्यात विंचूदंशाचे रोगी पाहता पाहता प्राझोसिन हे औषध किती उपयोगी पडतं हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी दाखवून दिलं. 'लॅन्सेट'नं ते १९८६ साली छापलं. त्यासाठी त्यांना कुठल्या प्राध्यापकपदाची गरज पडली नाही. पण त्यांच्यासारखा तरुण आज तुमच्यासमोर अर्ज घेऊन आला, तर तुमच्या तक्त्यात तो कुठे बसेल, हे एकदा प्रामाणिकपणे भरून पाहा.

उलट बाजूही सांगायला हवी. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्येच अँड्र्यू वेकफिल्ड यांचा एमएमआर लस आणि स्वमग्नता जोडणारा लेख आला. तो २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्याला मिळालेली सायटेशन प्रचंड आहेत, आणि त्यांतली बहुतेक तो कसा चुकला हे सांगणारी. आकड्याच्या दृष्टीनं तो लेख 'प्रभावी' आहे! तसंच, जे काम पूर्णपणे रुळतं त्याचा उल्लेखच थांबतो. मुंबईचे डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये एक वेगळा रक्तगट सांगितला. आज ब्लड बँकेतला तंत्रज्ञ 'बॉम्बे ग्रुप' म्हणतो, फोन फिरवतो, दाता शोधतो. १९५२ च्या लेखाचा हवाला तो कशाला देईल?

दरवर्षी गणपतीच्या आगेमागे आपल्या चौकाचौकांत एक नवा फ्लेक्स लागतो: 'जगातील टॉप २ टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. सोबत 'स्टॅनफोर्ड विद्यापीठ, अमेरिका' असं मोठ्या अक्षरांत. अभिनंदनाला माझी ना नाही, काम केल्याशिवाय कुणी तिथे पोचत नाही. पण तुम्ही तरी हे जाणून असा, की स्टॅनफोर्डनं कुणाची निवड केलेली नसते, तो पुरस्कारही नाही. स्टॅनफोर्डचे प्राध्यापक जॉन इओआनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसच्या माहितीवर गणित करून एक भला मोठा तक्ता सर्वांसाठी खुला ठेवतात. अर्ज नाही, मुलाखत नाही, लेख वाचणं नाही. त्यातही दोन तक्ते असतात: एक पूर्ण कारकिर्दीचा, एक एकाच वर्षाचा. फ्लेक्सवर कुठला ते कधीच लिहिलेलं नसतं. गंमत म्हणजे त्या तक्त्यात स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन किती टक्के, याचाही रकाना आहे. तो मात्र फ्लेक्सवर येत नाही. मुलाखतीच्या वेळी फाइल उघडून तेवढा एक रकाना पाहायला दोन मिनिटं पुरतात.

तुमच्यावरही दबाव आहे हे मला कळतं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत प्रकाशनं आणि सायटेशन धरली जातात, संचालकांना वरचा क्रमांक हवा, मग प्राध्यापकांना सांगितलं जातं: पेपर काढा. बढतीचे नियमही बदलत राहिले. २०१५ साली तेव्हाच्या वैद्यकीय परिषदेनं ई-जर्नल बाद केली, श्रेय पहिल्या दोन लेखकांपुरतं ठेवलं, आणि मान्य सूचींत 'इंडेक्स कोपर्निकस'ही घातली, जिच्यावर वाट्टेल ती जर्नलं मिरवत होती. नंतर श्रेय पहिल्या तिघांना आणि पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला मिळू लागलं. यूजीसीनं मे २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतली ४,३०५ जर्नलं काढून टाकली. त्याआधी पुणे विद्यापीठाच्या अभ्यासकांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांचा नमुना तपासला, तेव्हा त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त सुमार दर्जाची निघाली होती. मग यूजीसीची 'केअर' ही नवी यादी आली; २०२५ मध्ये तीही गुंडाळली. मधल्या मधे व्हॉट्सअॅपवर 'स्कोपस पेपर, पहिला लेखक, हमखास, एवढे पैसे' असे मेसेज फिरायला लागले. जिथे आकडाच विकत मिळतो तिथे आकडा पाहून माणूस निवडणं म्हणजे कोण जास्त पैसे भरू शकतो ते पाहणं. एनआयआरएफनं २०२५ पासून मागे घेतलेल्या लेखांसाठी गुण वजा करायला सुरुवात केली, हे बरं झालं.

म्हणून आकडे फेकून द्या असं मी म्हणत नाही. ज्यानं जन्मभर सूच्या चाळल्या तो असं कसं म्हणेल? सायटेशनची यादी हातात असली की कामाचा माग काढता येतो. कुणी वापरलं, कुठल्या देशात, कुठल्या उपचार-मार्गदर्शिकेत गेलं, कुणी खोडलं. आकड्याऐवजी ती यादी वाचा एवढंच म्हणतो. आणि आकडा लागतोच असेल तर तो कुठल्या सूचीतला, कुठल्या तारखेचा ते शेजारी लिहायला लावा. गुगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीचे लेख) सगळं धरतो, स्कोपस धरत नाही. एकाच माणसाचे दोन आकडे निघतात, आणि एका उमेदवाराचा गुगलचा, दुसऱ्याचा स्कोपसचा, अशी तुलना तुमच्या टेबलावर झालेली मी पाहिली आहे.

जाहिरात काढताना उमेदवाराला ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक मागा. तो फुकट मिळतो, नाव बदललं तरी बदलत नाही, आणि आधीच्या सगळ्या नावांनी छापलेलं त्याखाली आणता येतं. संपूर्ण यादी घ्याच, पण त्यातले स्वतःचे सर्वांत मोलाचे वाटणारे पाच लेख उमेदवारालाच निवडू द्या. प्रत्येकाखाली चार ओळी: यात माझं काम नेमकं कुठलं, आणि यानं कुणाचं काय बदललं. विडी घरकुलातल्या बायकांच्या तपासणीचा नमुना बदलला असेल तर तेही लिहू द्या, जिल्हा आरोग्य कार्यालयाचं पत्र जोडू द्या. कुठला लेख मागे घेतला गेलाय का ते पबमेडवर आणि रिट्रॅक्शन वॉचच्या खुल्या यादीवर तपासून घ्या. हे काम तुमच्या ग्रंथपालाला सांगा, तो करेल, त्याला बरंही वाटेल. जाड अक्षरातली ती बेरीज मात्र काढूनच टाका, तिला पर्यायही सुचवत नाही.

आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री त्या पाचांतला एक लेख प्रत्येक सदस्यानं वाचून यावा. मग उमेदवाराला त्यातलाच एखादा तक्ता दाखवून विचारा: हा गट एवढा लहान का ठेवला, एवढे रोगी मधेच का गळाले, यातलं कुठलं उत्तर तुम्हाला अपेक्षित नव्हतं? ज्यानं काम केलंय तो थांबतच नाही, त्याला थांबवावं लागतं. ज्याचं नाव नुसतं घातलेलं आहे, तो "ते आमच्या टीमनं बघितलं" म्हणतो. दहा मिनिटांत कळेल.

कळावे,
एक निवृत्त वैद्यकीय ग्रंथपाल
सोलापूर